हिमतुषारापासून बागांचे संरक्षण

निरभ्र व निवांत रात्री जमीन आणि वनस्पती यांतील उष्णता प्रारणाने बाहेर जाऊन त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान ०° से. च्या खाली उतरले म्हणजे हवेतील बाष्प त्यावर बर्फकणांच्या रूपात साचते किंवा पडलेले दव गोठते. यास हिमतुषार म्हणतात. ऊतकांत बर्फ होताना पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, पेशीपटलांना इजा होते आणि कोवळे शेंडे व फुले करपून काळी पडतात. समशीतोष्ण प्रदेशांत वसंत ऋतूत, कळ्या फुटल्यानंतर पडणारा हिमतुषार सर्वांत घातक ठरतो. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचे त्यामुळे फार मोठे नुकसान झाले.

महाराष्ट्रात हिमतुषार क्वचित व स्थानिक स्वरूपात, मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आढळतो. पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७° से. पर्यंत उतरले होते. तापमापक जमिनीपासून सु. १.२ मी. उंचीवर असतो. त्यामुळे त्यावर २° ते ३° से. तापमान दिसत असतानाही जमिनीलगतचे दव गोठू शकते. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे हिमकण होतात, ते याच कारणाने. निफाड तालुक्यातील (जि. नासिक) द्राक्षबागांत कडाक्याच्या थंडीने मण्यांची फुगवण मंदावते व मणी तडकतात. नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) परिसरात हिमतुषार सहसा पडत नाही, तथापि केळीसारख्या उष्ण कटिबंधीय पिकाला तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असतानाही गारठ्याची बाधा होते.

उपाय : जमिनीने दिवसा साठविलेली उष्णता रात्री पिकाभोवती टिकविणे, हे संरक्षणाचे मूलतत्त्व होय. ओलसर, घट्ट व तणविरहित जमीन अधिक उष्णता साठविते. म्हणून थंडीची लाट अपेक्षित असल्यास बागेस आधीच पाणी देतात. कुंड्या व रोपे सूर्यास्तापूर्वी गोणपाटाने जमिनीपर्यंत झाकून सकाळी उघडतात. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकू देत नाहीत.

धुरामुळे हिमतुषार टळतो, हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. धुराचे सूक्ष्म कण जमिनीतून निघणारे दीर्घ तरंगलांबीचे प्रारण फारसे अडवीत नाहीत. उलट दाट धूर सकाळचे ऊन अडवितो. उपयोग होतो तो शेकोटीच्या उष्णतेचा. एका मोठ्या जाळाची तप्त हवा वेगाने वर निघून जाते, म्हणून बागेत अनेक लहान शेकोट्या पेटविणे श्रेयस्कर ठरते.

पाणी गोठताना दर ग्रॅममागे सु. ८० कॅलरी उष्णता मुक्त होते. तुषार सिंचन या तत्त्वावर आधारलेले आहे; मात्र ते सूर्योदयानंतर बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू ठेवावे लागते. मध्येच वीज गेल्यास किंवा कोरडा वारा सुटल्यास बाष्पीभवनाने पाने अधिक थंड होऊन संरक्षणाऐवजी हानी वाढते. पुरवठ्याची खात्री नसल्यास हा उपाय टाळणे हितावह असते. सर्वांत भरवशाचा उपाय लागवडीपूर्वीचा आहे : नाजूक पिकांसाठी सखल जागा टाळणे आणि उताराच्या खालच्या बाजूच्या कुंपणात थंड हवेस वाट ठेवणे.