बाळाचे पहिले मार्क

इकडे फ्लॅट बुशमध्ये कुणाकडे बाळंतपण असलं, की आधी आजीचं तिकीट निघतं. ज्यांना येता येत नाही, ते फोनला डोळे लावून बसतात. मागे आमच्या नात्यातलं बाळ मिडलमोर हॉस्पिटलमध्ये जन्मलं. ग्रुपवर मेसेज पडला: वजन साडेतीन किलो, अपगार ८ आणि ९. लगेच सोलापूरहून मावशीचा फोन, "दहापैकी आठच? दोन कुठे गेले गं?"

हे मार्क हुशारीचे नव्हेत. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला पाच गोष्टी पाहतात: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, चेहरा-हालचालींतून मिळणारा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकी ०, १ किंवा २. सातच्या पुढे म्हणजे छान. पूर्ण दहा क्वचितच मिळतात, कारण सुरुवातीला हातपाय निळसरच असतात. आपल्या सावळ्या बाळांचा रंग तर ओठ आणि जिभेवरूनच नीट कळतो.

ही पद्धत काढली न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी. त्या बाळांच्या डॉक्टर नव्हत्या, भूल देणाऱ्या होत्या! त्या काळी प्रसूतीनंतर सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. न रडणाऱ्या बाळाकडे कुणी नेमकं काय बघायचं, हे ठरलेलंच नव्हतं. शिवाय आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हेही त्यांना मोजायचं होतं. म्हणूनच १९५३ मध्ये त्यांचा लेख छापला भूल आणि वेदनाशमनाला वाहिलेल्या नियतकालिकाने, 'करंट रिसर्चेस इन अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया'ने.

१९२२ मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकाचे पहिले संपादक फ्रान्सिस मॅकमेकन. सांधेदुखीने त्यांची डॉक्टरकी सुटली, पण चाकाच्या खुर्चीतून, पत्नी लॉरेट यांच्या मदतीने, त्यांनी वर्षानुवर्षं संपादन केलं. वेदना काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसावं.

आपल्याकडे मात्र "आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य तयारच असतं. सुनेने पाठीतलं इंजेक्शन घेतलं, तर जणू तिचं काही कमी पडलं! आईची वेदना कमी करायची आणि बाळही सुखरूप आहे का ते मोजायचं, ही दोन्ही कामं एकाच शास्त्राने हातात घेतली, हे आपण विसरतो.

तेव्हा पुढच्या वेळी 'अपगार ८' असा मेसेज आला, की उरलेले दोन शोधू नका. आधी बाळंतिणीला विचारा, "बाळा, तुला फार दुखतंय का?"