पिकअपमध्ये स्पोर्ट्स कारचं इंजिन बसवता येतं का? आधी हे समजून घ्या

अमेरिकेतले हे व्हिडिओ आता आपल्याकडेही घरोघरी पोहोचलेत. रंग उडालेली जुनी पिकअप, जागोजागी पत्रा गंजलेला. बॉनेट उघडलं की आत स्पोर्ट्स कारचं चकाचक इंजिन. ड्रायव्हर पाय दाबतो आणि मागच्या चाकांतून धूर निघतो.

हे बघून पिकअपवाल्यांच्या मनात एक विचार येतोच. आपली गाडी माल भरला की घाटात दुसऱ्या गिअरवर येते, मागे रांग लागते. मोठं इंजिन टाकलं तर काम भागेल का?

थोडक्यात उत्तर असं: इंजिन बसवता येतं, पण त्यानं माल ओढायचं काम सुधारेलच असं नाही. आणि आपल्या देशात ते कायद्यात बसत नाही.

अमेरिकेत हे सोपं का जातं?

जनरल मोटर्स कंपनीनं १९९७ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये एलएस-१ नावाचं इंजिन आणलं. आठ सिलिंडर, ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर. पुढे दोन वर्षांत त्याच घराण्यातली इंजिनं कंपनीनं स्वतःच्या पिकअपमध्येही द्यायला सुरुवात केली. फरक एवढाच, की कॉर्व्हेटच्या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, तर पिकअपचा बहुतेक करून बिडाचा. म्हणजे तिकडे स्पोर्ट्स कारचं आणि पिकअपचं इंजिन एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. भंगारात ही इंजिनं मुबलक मिळतात, माउंटिंग आणि वायरिंगचे तयार किट बाजारात विकायला असतात.

तरीही काम एका दुपारचं नसतं. जुन्या पिकअपला कार्बुरेटर असायचा. त्याचा पंप पेट्रोल अगदी कमी दाबानं पाठवतो. एलएस इंजिनाच्या इंजेक्टरला साधारण चार बार दाब लागतो. म्हणून पंप बदला, पाइप बदला, टाकीत सुधारणा करा. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, वेगळा बसवा. रेडिएटर मोठा लावा. गिअरबॉक्सला जुळवा. व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो, पण त्यामागे कित्येक महिने गेलेले असतात.

कायदा तिकडेही आहे. कॅलिफोर्निया राज्यात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाडीत दुसरं इंजिन टाकायचं तर ते गाडीच्या मॉडेलइतकं किंवा त्याहून नवं असावं लागतं. प्रदूषण रोखणारे त्याचे सगळे भागही सोबत बसवावे लागतात आणि सरकारी व्यवस्थेतल्या तपासनीसाकडून गाडी पास करून घ्यावी लागते.

हॉर्सपॉवर वेगळी, ओढ वेगळी

आता मुद्द्याचं. आपण गाडीची ताकद हॉर्सपॉवरमध्ये मोजतो. पण भरलेली गाडी जागेवरून हलवते ती इंजिनाची पिळायची ताकद, म्हणजे टॉर्क. आपण तिला ओढ म्हणू. ही ओढ आणि इंजिनाचे फेरे यांचा गुणाकार केला की हॉर्सपॉवर निघते.

दोन इंजिनं शेजारी ठेवून बघा. आपल्याकडची नेहमीची बोलेरो पिकअप अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची, सुमारे ७५ हॉर्सपॉवर. ओढ २०० न्यूटन मीटर, आणि ती मिळते मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांवर. दुसरी होंडा कंपनीची एस-२००० ही स्पोर्ट्स कार. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, अमेरिकेतल्या मॉडेलला तब्बल २४० हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या पिकअपच्या तिप्पट. पण तिची जास्तीत जास्त ओढ किती? सुमारे २०८ न्यूटन मीटर. जवळजवळ आपल्याइतकीच! आणि तीही मिळते ७५०० फेऱ्यांवर.

म्हणजे तिप्पट हॉर्सपॉवर आली ती मुख्यतः वेगानं फिरण्यातून. हे इंजिन पिकअपमध्ये टाकलं आणि मागे कांद्याच्या गोण्या भरल्या, तर चढावर खालच्या फेऱ्यांवर ते आपल्या डिझेलपेक्षा कमीच ओढेल. गिअर बदलून चाकापर्यंतची ओढ वाढवता येते, हे खरं. पण मग इंजिन सतत सहा-सात हजार फेऱ्यांवर ओरडत ठेवावं लागेल. दर वेळी गाडी उचलताना क्लच जळेल, पेट्रोलचा खर्च भाड्यातून निघणार नाही.

शर्यतीचा बैल खोल नांगरटीला कुणी जुंपत नाही. तो कमजोर असतो म्हणून नाही, तर त्याचं काम वेगळं म्हणून.

कंपन्यांनी केलं, ते कसं केलं?

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनीच स्पोर्ट्स कारचं इंजिन पिकअपमध्ये देऊन पाहिलंय. डॉजनं २००४ मध्ये रॅम एसआरटी-१० ही पिकअप आणली. तिच्यात व्हायपर स्पोर्ट्स कारचं दहा सिलिंडरचं ८.३ लिटर इंजिन होतं, ५०० हॉर्सपॉवरचं. त्याच वर्षी ती ताशी सुमारे २४९ किलोमीटर वेगानं धावली आणि सर्वांत वेगवान पिकअप म्हणून विक्रमात नोंदली गेली. पण कंपनीनं नुसतं इंजिन टाकलं नव्हतं. गाडी जमिनीलगत खाली घेतली, ब्रेक मोठे दिले, २२ इंची चाकं बसवली.

दुसरं उदाहरण फोर्डच्या एफ-१५० रॅप्टर आर या पिकअपचं. २०२३ च्या या मॉडेलमध्ये मस्टँग शेल्बी जीटी-५०० या स्पोर्ट्स कारचं ५.२ लिटर इंजिन आहे. कारमध्ये ते ७६० हॉर्सपॉवरचं होतं. पिकअपमध्ये देताना फोर्डनं ते ७०० वर आणलं आणि ओढ मात्र ८४७ वरून वाढवून ८६८ न्यूटन मीटर केली. खालच्या फेऱ्यांवर जोर मिळावा म्हणून सुपरचार्जरची पुली बदलली. ऑइल पॅन खोल केला, प्रोपेलर शाफ्ट जाड केला.

ज्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज आहे, त्यांनीही हॉर्सपॉवर कमी करून ओढ वाढवली. पिकअपला काय लागतं, ते यातून कळतं.

इंजिन वाढलं, बाकीचं तेच राहिलं तर?

गाडी ही साखळी आहे. इंजिनातून निघालेला जोर क्लचप्लेट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि अॅक्सल यांतून चाकापर्यंत जातो. कंपनीनं यातला प्रत्येक भाग मूळ इंजिनाच्या हिशेबानं बनवलेला असतो. दुप्पट जोर सोडला की सगळ्यात कमजोर कडी आधी तुटते.

त्याहून मोठी भीती ब्रेकची. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ताशी ४० ला १० मीटरमध्ये थांबणारी गाडी ८० ला ४० मीटर घेते. त्यात पाठीमागे पाटे असलेली रिकामी पिकअप. मागे वजन नसलं की मागची चाकं रस्ता धरत नाहीत, ओल्या रस्त्यावर शेपूट फिरते. हे जिवाशी खेळणं आहे, आपल्याही आणि समोरून येणाऱ्याच्याही.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग खराब इंजिन बदलताच येत नाही का? येतं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बसवता येतं. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. जुनं इंजिन विकत घेताना पक्कं बिल आणि ते कोणत्या गाडीतून निघालं याचे कागद मागाच. चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडलं तर पोलिस तुमच्या दारात येतील.

आणि विमा. पॉलिसीवर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरा, अशी स्थिती असेल तर अपघातानंतर कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. गाडीवर कर्ज असेल तर गाडी गेली तरी हप्ता चालूच राहतो.

गाडी ओढत नाही? आधी हे बघा

१. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर कधी बदलले? चोंदलेल्या फिल्टरनं इंजिन गुदमरतं.
२. क्लचप्लेट घसरते का? फेरे वाढतात पण गाडी वाढत नाही, ही तिची खूण.
३. टर्बोचा पाइप फाटलाय का, इंजेक्टर नीट फवारतात का, हे चांगल्या मिस्त्रीकडून तपासा.
४. ब्रेक चिकटलेत का? थोडी चालवून झाल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर संशय घ्या.
५. टायरमध्ये हवा बरोबर आहे का?
६. आणि शेवटी स्वतःला विचारा: आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त माल भरतोय का?

यातली बरीचशी कामं गावाजवळच्या गॅरेजमध्ये होतात. एवढं करूनही गाडी कमी पडत असेल, तर तुमच्या मालाला जास्त क्षमतेची गाडी लागते, हाच त्याचा अर्थ. जुनी देऊन मोठी घ्यायचा हिशेब करा. ते व्हिडिओ जरूर बघा, मजा घ्या. पण ज्या गाडीवर घर चालतं, तिचं बॉनेट प्रयोगासाठी उघडू नका.