पाराशा आणि चार ओळी

मागच्या वेळी आपण तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, सभास्थानात कशी वाचतात ते पाहिलं. ५४ भाग, शब्बाथला एक, गरज पडली तर दोन जोडून. वर्ष संपलं की शेवटचा भाग वाचून लगेच पहिला सुरू. या भागाला पाराशा म्हणतात. आता दर वर्षी तोच मजकूर ऐकायचा, तर त्यात नवं काय सापडणार? याचं एक जुनं उत्तर म्हणजे त्या आठवड्याच्या पाराशावर केलेली कविता.

यातला मोठा माणूस यान्नाय. साधारण सहाव्या शतकातला, पॅलेस्टाइनमधला. तिथे पूर्ण वाचनाला तीन वर्षांहून जास्त लागत, म्हणजे भाग लहान आणि संख्येनं पुष्कळ. यानं त्या भागांवर प्रार्थनेत गुंफायच्या रचना केल्या. अख्खी रचना लांब असते, पण तिचे तुकडे छोटे. पहिल्या तुकड्याच्या ओळी हिब्रूतल्या पहिल्या १२ अक्षरांनी क्रमानं सुरू होतात, दुसऱ्याच्या उरलेल्या १० अक्षरांनी, आणि तिसऱ्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. आपल्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, इथे नाव ओळींच्या आद्याक्षरांत लपलेलं. हिब्रूत यमक पद्धतशीर वापरणारा हा पहिला ज्ञात कवी.

त्याची लेआवरची रचना बघा. याकोबाच्या दोन बायका, राहेल आवडती आणि लेआ नावडती. आवडती-नावडती म्हटलं की आपल्याला लगेच कहाण्यांतल्या राण्या आठवतात! त्या वाचनक्रमात एक भाग नेमका तिथे सुरू होई, जिथे देवाला लेआ नावडती असल्याचं दिसतं. यान्नाय तिची बाजू तर घेतोच, पण पुढे सगळ्या मंडळीलाच तिच्या जागी उभं करतो: शत्रूंच्या राज्यात आम्हीही नावडतेच. म्हणजे घरातलं दुःख एका समाजाचं होतं, आणि तेही मोजक्या ओळींत.

हा कवी जवळजवळ हरवलाच होता. कैरोच्या सभास्थानातल्या जुन्या कागदांच्या कोठीत, गेनिझात, काही चर्मपत्रं मिळाली. खालचा मजकूर खरवडून वर दुसरा लिहिलेला. खाली अक्विलाचं ग्रीक भाषांतर होतं, ते १८९७ मध्ये छापलं गेलं. वरच्या हिब्रूकडे फारसं कुणी बघितलं नाही. तो यान्नाय आहे हे इस्रायल डेव्हिडसननं १९१९ मध्ये दाखवलं, आणि १९३८ मध्ये मेनाहेम झुलायचा मोठा संग्रह बर्लिनला निघाला. साल लक्षात घ्या, आणि गावही.

आजही पाराशावर हायकू किंवा चार ओळी लिहिणारे आहेत. अशी कविता शिरते कुठे, तर मजकुराच्या फटीत. ‘साराचं आयुष्य’ नावाचा पाराशा तिच्या मरणानं सुरू होतो, १२७व्या वर्षी. त्याआधीच्या भागात अब्राहाम मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो. त्या दिवशी सारा कुठे होती, हे मजकूर सांगतच नाही. जुन्या भाष्यकारांनी या दोन गोष्टी जोडल्या. कवीला तर ही जागा आयतीच मिळते.

पण प्रत्येक फट बुजवायची का? आम्हाला तसं वाटत नाही. लेवीय पुस्तकात अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, धूप घेऊन जातात आणि आगीत मरतात. बाप गप्प राहिला, एवढंच तिथे आहे. त्याच्या तोंडी विलाप घालणं सोपं आहे, पण मग मजकुरातली सगळ्यात जड गोष्टच जाते. आम्ही करून पाहिलेला, फक्त उदाहरणापुरता, हा हायकू:

दोन धुपाटणी
अजून गरम आहेत
बाप उभा

तिसरी ओळ आधी ‘बाप रडत नाही’ अशी होती. वाचून दाखवल्यावर लक्षात आलं, की ‘रडत’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रडणंच येतं. म्हणून ते काढलं. ‘गप्प’ सुद्धा घातलं नाही, कारण तो शब्द त्या आठवड्याच्या वाचनात ऐकून माणूस आधीच आलेला असतो.