गतविजेता विदर्भ: २०२५-२६ च्या रणजी हंगामाच्या उंबरठ्यावर

विदर्भ हा २०२४-२५ च्या रणजी करंडकाचा विजेता संघ. १५ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू होणाऱ्या हंगामात तो तीन रणजी आणि तीन इराणी करंडक गाठीशी घेऊन उतरतो. ही सगळी कमाई २०१८ च्या पहिल्या दिवसापासूनची. विदर्भ या नावाने संघ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ खेळत असे. म्हणजे पहिल्या विजेतेपदासाठी साठ वर्षे जावी लागली. त्यातली काही वर्षे खालच्या गटात, ‘प्लेट’मध्ये गेली. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचेच, पण त्यांच्या रणजी कारकिर्दीचे मोठे पर्व होळकर संघाचे. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू म्हणजे उमेश यादव, आणि त्यासाठी नोव्हेंबर २०११ उजाडावा लागला.

ही कोंडी फुटण्यामागे एखादा चमत्कार नव्हता. विदर्भ क्रिकेट संघटनेचे आंतरराष्ट्रीय सामने नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून वर्धा मार्गावरच्या जामठा स्टेडियमकडे गेले. तिथली पहिली कसोटी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. याच काळात निवासी अकादमी आणि वयोगटांच्या संघांकडे नेटाने लक्ष दिले गेले. खालचा पाया आधीपासून होताच. नागपूरच्या गुझदर लीगमध्ये नवनिकेतन, रेशीमबाग जिमखाना, रुबी कोल्ट्स असे क्लब वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजत आले आहेत, आणि अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्ध्याची मुले शेवटी याच मैदानांवर पारखली जातात. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०१७-१८ मध्ये मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा कणीक मळून तयार होती.

त्या हंगामात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने ६८ धावांत सात बळी घेतले आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक. पहिली १९७२-७३ मधली, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि कर्णधार फैज फझलच्या संघाने १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून करंडक उचलला. पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्रविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातली आघाडी होती फक्त पाच धावांची. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, त्यात चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत (१ आणि ०). विदर्भ ७८ धावांनी जिंकला. त्याच हंगामात चाळिशी ओलांडलेल्या वसीम जाफरने विदर्भाकडून हजारावर धावा काढल्या.

जाफरचे नाव निघाले की ‘पाहुण्या’ खेळाडूंचा विषय येतोच. दुसऱ्या राज्यातून व्यावसायिक म्हणून बोलावलेल्या खेळाडूला रणजीत पाहुणा म्हणतात. विदर्भाने या सोयीचा वापर बहुतेक वेळा एकाच जागेसाठी केला आहे: फलंदाजीच्या वरच्या फळीसाठी. बद्रिनाथ, गणेश सतीश, जाफर, करुण नायर, ध्रुव शोरी हे सगळे फलंदाज. गोलंदाजी मात्र घरची. उमेश यादव, गुरबानी, सरवटे, अक्षय वखरे, अक्षय कर्णेवार आणि आता हर्ष दुबे ही सगळी मंडळी विदर्भाच्या मैदानांवर घडली. संघाचे यश-अपयश वाचायचे तर ही वाटणी आधी लक्षात घ्यावी लागते.

मागच्या, म्हणजे २०२४-२५ च्या रणजी हंगामात संघ एकही सामना हरला नाही. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी, उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले, दोन्ही नागपुरात. मुंबईवरच्या विजयात हिशेब चुकता केल्याचे समाधानही असणार, कारण मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर याच संघाने विदर्भाला अंतिम सामन्यात १६९ धावांनी नमवले होते. अंतिम सामना केरळविरुद्ध, तोही जामठ्यावर, २६ फेब्रुवारीपासून. त्या सामन्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. सलामीवीर अथर्व तायडे अकरा जणांत नव्हता आणि शोरीच्या जोडीला सलामीला पाठवला गेला फिरकीपटू पार्थ रेखडे. तिसऱ्या क्रमांकावर आला वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडे. रेखडे शून्यावर आणि नळकांडे एका धावेवर बाद झाला, पाठोपाठ शोरीही गेला, आणि फलकावर ३ बाद २४. नवा चेंडू झिजेपर्यंत मुख्य फलंदाजांना झाकून ठेवायचे, असा हा डाव असावा. तो साफ फसला. डाव सावरला तो एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने. पहिलाच रणजी हंगाम खेळणाऱ्या या मुलाने १५३ धावा केल्या आणि करुण नायरबरोबर २१५ धावांची भागी रचली. नायर ८६ वर धावबाद झाला. विदर्भ ३७९.

केरळकडून सर्वांत चिवट खेळी कोणाची, तर आदित्य सरवटेची. २०१९ मध्ये याच मैदानावर विदर्भाला करंडक मिळवून देणारा हा गडी आता केरळचा पाहुणा होता. त्याने ७९ धावा केल्या. कर्णधार सचिन बेबी ९८ वर रेखडेच्या चेंडूवर नायरकडे झेल देऊन परतला आणि केरळचा डाव ३४२ वर आटोपला. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीवर निकाल लागतो, त्यामुळे या ३७ धावांनीच विजेता ठरवला. दुसऱ्या डावातही विदर्भाचे दोन गडी सात धावांत गेले होते. नायरला ३१ वर स्लिपमध्ये जीवदान मिळाले आणि त्याने १३५ काढल्या, मालेवारने ७३. तो झेल टिपला गेला असता तर केरळला पाठलागाची संधी मिळालीही असती. विजेतेपद निर्विवाद असले तरी वरची फळी दोन्ही डावांत कोसळली होती, हे करंडकाच्या झगमगाटात झाकले गेले.

नव्या हंगामाचा खरा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण करुण नायर कर्नाटकात परतला आहे. २०२४-२५ मध्ये रणजीत त्याने ८६३ धावा केल्या. त्याच मोसमात विजय हजारे करंडकात ७७९, आणि त्या स्पर्धेत विदर्भ उपविजेता ठरला. जितेश शर्माही बडोद्याला गेला. जितेश रणजीच्या पहिल्या पसंतीच्या संघात नसल्याने चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये त्याची उणीव फारशी भासणार नाही. नायरची मात्र भासेल. त्याच्या जागी कर्नाटकाचाच माजी सलामीवीर आर. समर्थ आला आहे. गेल्या हंगामात तो उत्तराखंडकडून खेळला. समर्थचा पिंड खेळपट्टीवर ठाण मांडून बसण्याचा. नायरसारखा गोलंदाजीवर स्वार होणारा फलंदाज तो नव्हे, पण विदर्भाला सध्या सलामीला समर्थसारख्याच माणसाची गरज आहे.

सलामीसाठी आता चार दावेदार आहेत: तायडे, समर्थ, शोरी आणि अमन मोखाडे. शेपटाला पुढे पाठवण्याची वेळ यंदा येऊ नये. अकोल्याचा डावखुरा तायडे वयोगटातला जुना हुकमी एक्का. २०१७-१८ च्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा केल्या होत्या आणि तो करंडक विदर्भाने जिंकला, म्हणजे रणजी आणि १९ वर्षांखालील हे दोन्ही राष्ट्रीय करंडक एकाच हंगामात विदर्भाकडे होते. वरिष्ठ संघात त्याला ते सातत्य राखता आले नाही. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, फेब्रुवारीत ज्या मैदानावर त्याला बाहेर बसावे लागले होते तिथेच, त्याने इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ धावा केल्या. विदर्भाने ३६१ धावांचे लक्ष्य ठेवले आणि ९३ धावांनी सामना जिंकला. याआधीचे दोन इराणी करंडक (२०१८ आणि २०१९) पहिल्या डावातल्या आघाडीवर मिळाले होते. यंदाचा निर्णायक विजयाचा पहिलाच.

मधली फळी ही या संघाची सर्वांत भक्कम बाजू. डावखुऱ्या यश राठोडने मागच्या रणजीत ९६० धावा केल्या, त्या हंगामात देशात सर्वाधिक. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावातले त्याचे १५१ नसते तर ४०६ चे लक्ष्य उभे राहिलेच नसते. नायरच्या नावापुढे त्याची चर्चा दबून गेली, हे खरे तर अन्यायाचेच. सप्टेंबरमध्ये दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने मध्य विभागाकडून १९४ धावा काढल्या. त्याच स्पर्धेत मालेवारने ईशान्य विभागाविरुद्ध २०३ केल्या आणि मध्य विभाग विजेता ठरला. मालेवारने पहिल्या रणजी हंगामात ७८३ धावा जमवल्या आहेत. आता प्रतिस्पर्धी त्याच्या खेळाचा अभ्यास करून येतील, आणि दुसरा हंगाम तरुण फलंदाजाला नेहमीच जड जातो. त्याच्या मागे कर्णधार वाडकर. यष्टिरक्षण, नेतृत्व आणि सहाव्या-सातव्या क्रमांकाची फलंदाजी असा तिहेरी भार तो वाहतो. वानखेडेवर ५३८ चा पाठलाग करताना त्याने झळकावलेले शतक हरलेल्या सामन्यातले म्हणून विस्मरणात गेले, पण त्या डावात विदर्भ ३६८ पर्यंत पोचला तो त्याच्याच बळावर.

गोलंदाजीचा कणा हर्ष दुबे. २३ वर्षांच्या या डावखुऱ्या फिरकीपटूने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम आहे. बिशनसिंग बेदींचे १९७४-७५ मधले ६४ बळी अनेक दशके अबाधित होते; ते २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन मागे टाकले, आणि दुबेने अंतिम सामन्यात केरळचे तीन गडी बाद करून अमनलाही ओलांडले. शिवाय ४७६ धावा. मालिकावीराचा मान त्याच्याकडे गेला यात नवल नाही. दुबे चेंडू फार वळवण्याच्या मागे लागत नाही. टप्पा आणि वेग यांत बारीक फरक करत तो फलंदाजाला पुढे ओढतो आणि एकाच टोकाकडून तासन्‌तास टाकत राहतो. इराणीच्या दुसऱ्या डावातही त्याने चार बळी घेतले. त्याच्या जोडीला रेखडे, तोही डावखुराच. मुंबईविरुद्ध पहिल्या डावात एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना तंबूत धाडून त्याने सामना फिरवला होता. दोन्ही प्रमुख फिरकीपटू एकाच हाताचे असणे ही मात्र मर्यादा आहे. डावखुऱ्या फलंदाजांची रांग असलेल्या संघापुढे ऑफ स्पिनर लागतो, आणि वखरेने जी जागा वर्षानुवर्षे सांभाळली ती पुरती भरून निघालेली नाही.

वेगवान माऱ्यात नावे बरीच, पण उमेशसारखा धाक कोणाचाच नाही. आयपीएलमुळे ओळखीचा झालेला यश ठाकूर पहिली पसंती. नळकांडेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकचे चार गडी सलग चार चेंडूंवर बाद केले होते. बातम्या शोधताना ज्याला राजकारणातून वेगळा काढावा लागतो तो आदित्य ठाकरे २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातच पदार्पण करून आला. आणि अंतिम सामना खेळलेला तरुण नचिकेत भुते. परदेशी दौऱ्यांवर फलंदाजांना हादरवेल असा वेग यांच्यात नसेल, पण दुबेला विश्रांती देऊन धावा रोखून धरण्याचे काम ते चोख करतात.

यंदा विदर्भ एलिट ‘अ’ गटात आहे. सोबत तमिळनाडू, झारखंड, ओडिशा, बडोदा, आंध्र, उत्तर प्रदेश आणि प्लेटमधून वर आलेला नागालँड. आठ संघांतून दोन बाद फेरीत जाणार. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास सात. अनिर्णित सामन्यात आघाडीचे तीन आणि दुसऱ्याला एक. त्यामुळे सात सामन्यांत तीन-चार निर्णायक विजय हवेतच. नुसत्या आघाड्यांवर भागत नाही. नागालँडविरुद्ध पूर्ण गुण अपेक्षित धरले तर खरी लढत तमिळनाडू, इशान किशनचे झारखंड आणि बडोदा यांच्याशी. तमिळनाडू फेब्रुवारीतला पराभव विसरलेला नसेल.

अडचण वेळापत्रकात आहे. पहिला टप्पा नोव्हेंबरच्या मध्यावर संपतो, मग दोन महिने मर्यादित षटकांचे क्रिकेट, आणि २२ जानेवारीपासून उरलेले गटसामने. मधल्या काळात भारत ‘अ’ संघाच्या मालिका आणि निवड समितीची बोलावणी. दुबे इंग्लंड दौऱ्यावर भारत ‘अ’ कडून जाऊन आला आहे. राठोड आणि मालेवार यांची दुलीपमधली कामगिरी निवडकर्त्यांच्या नजरेत भरलेली आहे. नायर गेल्याने पडलेली पोकळी मोखाडे आणि समर्थ भरून काढतील, असे मानायला जागा आहे. दुबे दोन-तीन सामने नसला तर काय, याचे उत्तर संघाकडे अजून नाही. अंतिम फेरी पुन्हा गाठण्याइतकी ताकद या चमूत आहे. गटातून पुढे जाताना धाप लागली तर कारण फलंदाजीत नसेल, वीस बळी कोण घेणार या प्रश्नात असेल.