आकाशातील तलाठी

गावाच्या शिवारात कोणते पीक उभे आहे, याची नोंद पूर्वी तलाठी करत असे. १९७२ साली अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला, तेव्हापासून असाच एक तलाठी आकाशातून पृथ्वीची पाहणी करू लागला. १९८८ साली भारताचा आय. आर. एस. १-ए हा उपग्रहही त्या कामास लागला. २०१५ साली युरोपने सोडलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा भरतो.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळसे परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून हिरवाई मोजता येते. परंतु पीक ओळखण्यास एक चित्र पुरत नाही. निपाणीच्या काळ्या रानात पावसाळ्यात लावलेली तंबाखू फाल्गुनापर्यंत निघते व जमीन उघडी पडते. ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा राहतो. वैशाखातही हिरवा दिसणारा ठिपका म्हणूनच बहुधा बागायतीचा असतो. वर्षानुवर्षांची चित्रे शेजारी मांडली, की तंबाखूच्या जागी ऊस कोठे आला, माळ कोठे नांगरला गेला, हे उमगते. निपाणी आणि कागल यांमधील राज्यसीमा या चित्रात उमटत नाही. दोन राज्यांच्या दप्तरांत विभागलेली जमीन तेथे सलग दिसते.

तथापि या पाहणीस एक मोठी मर्यादा आहे. बेळगावच्या नैर्ऋत्येस, खानापूर तालुक्यात, भीमगडचे अरण्य गोव्याच्या म्हादई अभयारण्याला लागून आहे. येथील बारापेडे गुहांतील एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ओल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ साली केले. पुष्कळ वर्षे या जातीचे हे एकच वसतिस्थान जगाला ज्ञात होते. पुढे ती मेघालयात व कंबोडियातही आढळली. २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले.

गुहेच्या काळोखातील हा प्राणी उपग्रहाला दिसणे शक्य नाही. अशा अरण्यातील जुनी झाडे जाऊन तेथे एकाच जातीची लागवड झाली, तर काही वर्षांनी चित्रातील हिरवा रंग जवळजवळ पूर्ववत होईल. परंतु जुन्या झाडांवरील कीटक आणि त्या कीटकांवर जगणारी वटवाघळे परततीलच असे नाही. त्या हिरवाईत कोण नांदते, याची नोंद करण्यास रानवाटा तुडवणारा जाणकारच हवा. उपग्रहाचे चित्र त्याला कोठे जावे हे दाखवते, आणि विलंब न लावता जावे, हेही सुचवते.