जुनी स्नायपर रायफल खरी की बनावट? आधी नंबर जुळवा

ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल. आपल्या पोलिसांकडच्या ‘थ्री-नॉट-थ्री’च्याच घराण्यातली. संग्राहकांच्या बाजारात साध्या नंबर ४ पेक्षा तिला कितीतरी पट भाव मिळतो. म्हणूनच साध्या रायफलवर दुर्बीण चढवून ती ‘स्नायपर’ म्हणून खपवली जाते. अस्सल रायफलमध्ये दुर्बिणीचा नंबर लाकडी दस्त्याच्या मानेवर, तर रायफलचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर ठोकलेला असतो. हॉलंड अँड हॉलंडने रूपांतर केलेल्या रायफलींच्या दस्त्याखाली ‘एस ५१’ हा शिक्काही सापडतो. अर्थात, शिक्का काय, आजही मारता येतो! त्याच्या कडा ताज्या, धारदार दिसल्या तर संशय घ्यावा. उलट, नंबर जुळले नाहीत म्हणून रायफल बनावटच, असेही नाही. लष्करी वर्कशॉपमध्ये दुर्बिणी बदलल्या जात. मात्र अशा जोडीची किंमत उतरते.