शिडाची पारख

आठवड्याच्या बाजारात मडके घेणारी गृहिणी ते टिचकी मारून पाहते. बैल घेणारा शेतकरी त्याचे दात तर पाहतोच, परंतु चार पावले चालविल्यावाचून इसार देत नाही. जी वस्तू जेथे उपयोगी पडावयाची, तेथेच तिची परीक्षा व्हावी, हा आपल्याकडील जुना व्यवहार आहे. विंडसर्फिंग या पाण्यावरील खेळाच्या साधनांनाही आता हाच न्याय लागू झाला आहे. दुकानदार आपल्या फळ्या आणि शिडे पाण्याकाठी आणून मांडतात आणि ग्राहक ती आळीपाळीने चालवून पाहतात. अशा दिवसाला ‘डेमो डे’ म्हणतात. मात्र मडक्याची टिचकी कशी ऐकावी हे जसे ठाऊक असावे लागते, तसेच या चाचणीचेही एक शास्त्र आहे.

प्रथम साधनाची ओळख करून घेणे इष्ट होईल. कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक यांनी 1968 साली या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. यातील डोलकाठी फळीवर घट्ट रोवलेली नसते. सर्व दिशांना कलणाऱ्या एका सांध्यावर ती उभी असते. होडीला सुकाणू असते, येथे ते नाही. शीड पुढे कलविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविले की वाऱ्याकडे वळते. शिडाला आधार देणारा दोर होडीत असतो. येथे ते काम माणसाचे दोन हात करतात. म्हणजे चालविणाऱ्याचे शरीर हाच या यंत्राचा एक भाग होय. म्हणूनच एकाला उत्तम वाटलेले साधन दुसऱ्याला निरुपयोगी ठरू शकते, आणि शेजाऱ्याच्या शिफारशीने येथे काम भागत नाही.

फळीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. गोड्या पाण्यात एक लिटर आकारमान साधारण एक किलो भार पेलते. चालविणारा 75 किलो वजनाचा असेल आणि शीड, डोलकाठी व स्वतः फळी मिळून 20 किलो भरत असतील, तर 95 लिटरांच्या फळीवर तो जेमतेम तरंगेल. नवशिक्याला याच्या जवळजवळ दुप्पट आकारमान हवे, कारण त्याला वारंवार पडून पुन्हा उभे राहावयाचे असते. चपळ, निमुळती फळी डोळ्यांत भरते खरी. परंतु ती वेगात असतानाच माणसाला पेलते, आणि वेग ही तर पुढे शिकावयाची गोष्ट आहे.

शिडाची निवड याहून नाजूक आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा 28 वर गेला, तर जोर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून चाचणीच्या दिवशी जे शीड हातात फुलासारखे हलके वाटले, तेच दुसऱ्या दिवशी हातातून हिसकले जाते. बंगळूरच्या ग्राहकाला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. सारख्या तपमानात येथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते, आणि तितकाच तिचा रेटा कमी. गोव्याच्या किनाऱ्यावर सहा चौरस मीटरचे शीड पुरेसे वाटले, तर तितक्याच वेगाच्या वाऱ्यात येथे साडेसहाहून थोडे मोठे लागेल. शिवाय समुद्रावरून येणारा दुपारचा वारा अखंड वाहतो. हलसूरच्या तलावासारख्या, भोवती इमारती आणि झाडी असलेल्या पाण्यावर तो तुटक, भोवऱ्यासारखा येतो. किनाऱ्यावर केलेली पारख पठारावर जशीच्या तशी लागू पडत नाही, ती यामुळे.

चाचणी करावी कशी, याचे उत्तर मात्र बंगळूरलाच सापडते. या शहरातील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत 1967 साली मोठा वातबोगदा सुरू झाला. वातबोगद्यात वारा हवा तसा ठरविता येतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम मोजता येतो. पाण्यावर वारा कोणाच्या आज्ञेत नसतो. पण नियम तोच पाळता येतो. फळी तीच ठेवून फक्त शीड बदलावे. दुसरे शीड पाहून झाल्यावर पुन्हा पहिले लावावे. पहिलेच आता वेगळे वाटले, तर फरक शिडात नव्हता, वाऱ्यात होता, हे उघड होते. ऑलिंपिकमध्ये याच्या उलट रीत आहे. तेथे सर्वांना एकाच प्रकारचे साधन देतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते पाण्यावर उचलून धावणारे आयक्यूफॉइल होते. तेथे साधन एक ठेवून माणसे पारखतात; दुकानाच्या चाचणीत माणूस एक ठेवून साधने पारखावयाची असतात.

अखेरची परीक्षा सर्वांत साधी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. वाऱ्याबरोबर दूर जाणे कोणत्याही फळीवर सोपे असते. नवशिके संकटात सापडतात ते परतताना. शीड पेलत नाही, फळी वाऱ्याच्या रोखाने चढत नाही, आणि काठ दूर जात राहतो. अशा वेळी फळी सोडून पोहत निघणे ही घातक चूक ठरते. फळी बुडत नाही, माणूस थकतो. म्हणून अंगात तरंगजाकीट घालून, काठावर कोणीतरी लक्ष ठेवीत असताना, थोडे अंतर जावे आणि निघालो त्याच जागी परत येता येते का ते पाहावे. ज्या साधनावर हे साधते ते आपले. ज्यावर साधत नाही, ते कितीही वेगवान आणि देखणे असो, दुकानदाराला नम्रपणे परत करावे.